त्याला कळत कसं नाही? : आघात, तुटलेपण आणि स्किझोफ्रेनियातली स्वतःची ओळख

स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या घरी गेलं, की औषधं, खर्च, नोकरी, लग्न या सगळ्यांच्या आधी एक प्रश्न कानावर येतो. ‘‘एवढा शिकलेला मुलगा. आणि म्हणतो, शेजारचे माझ्या डोक्यातले विचार काढून घेतात. हे खरं नाही, हे त्याला कळत कसं नाही हो?’’ आई विचारते, भाऊ विचारतो. कधी चिडून, बहुतेक वेळा रडकुंडीला येऊन. त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो, तो मात्र आवाज खाली आणून: ‘‘लहानपणी त्याच्या बाबतीत जे झालं, त्यामुळे तर हे झालं नसेल?’’

पहिला प्रश्न आजच्या वागण्याचा आहे, दुसरा जुन्या जखमेचा. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. पण गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने दाखवून दिलंय, की बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली असतात. ती गुंतागुंत या प्रकरणात एकेक पदर उलगडत पाहू.

१. आधी आजाराची तोंडओळख

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना स्किझोफ्रेनिया आहे. म्हणजे साधारण ३०० माणसांमागे एकाला. आजार बहुधा सतराव्या-अठराव्या वर्षापासून तिशीपर्यंत डोकं वर काढतो; मुलांमध्ये मुलींपेक्षा थोडा आधी.

त्याची लक्षणं ढोबळमानाने तीन गटांत बसतात. पहिला गट भास आणि भ्रमांचा. आसपास कुणी नसताना आवाज ऐकू येणं हा भास. आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे अशी अढळ खात्री हा भ्रम. दुसरा गट विस्कळीतपणाचा: बोलण्याचा धागा सुटतो, एका वाक्याचा पुढच्याशी मेळ राहत नाही. तिसरा गट घरच्यांना सर्वांत उशिरा आजार म्हणून ओळखू येतो. उत्साह आटतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, माणूस अंघोळ टाळतो, मित्र टाळतो. घरचे त्याला आळशी म्हणतात, आणि ते लक्षण असतं.

एक गैरसमज इथेच दूर करू. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका शरीरात दोन माणसं, असं सिनेमे पाहून अनेकांना वाटतं. तसं नाही. झुरिकच्या बुर्गहोल्झली रुग्णालयाचे प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये आजाराला आजचं नाव दिलं, तेव्हा त्यांना दिसत होता तो एकाच माणसाच्या विचारांचा, भावनांचा आणि इच्छांचा आपापसात सुटलेला मेळ. वडील गेल्याची बातमी सांगताना चेहरा कोरा राहणं, हा त्याचा एक नमुना. आपल्या पुढच्या चर्चेचं बीज या सुटलेल्या मेळात आहे.

२. ‘हे माझं आहे’ हे मेंदूला कसं कळतं?

स्वतःच्या तळपायाला स्वतः गुदगुल्या करून बघा. होत नाहीत. तोच स्पर्श दुसऱ्याने केला, की पाय झटकन मागे जातो. याचं कारण मेंदूच्या एका शांत कामात आहे. आपण हालचाल करतो तेव्हा मेंदू तिच्या परिणामाचा अंदाज आधीच बांधतो. स्पर्श त्या अंदाजाशी जुळला, की ‘हा माझाच’ म्हणून तो सौम्य करून सोडून देतो.

लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये हाच प्रयोग मानसिक आजार असलेल्या लोकांबरोबर केला. ज्यांना आवाज ऐकू येत होते, किंवा आपलं शरीर कुणीतरी बाहेरून चालवतंय असं वाटत होतं, त्यांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळपास सारखाच जाणवला. ‘माझा’ आणि ‘परका’ हा फरकच पुसट झाला होता.

आता हेच विचारांना लावून पाहा. आपण मनातल्या मनात दिवसभर बोलत असतो. ‘गॅस बंद केला का’, ‘तिला असं बोलायला नको होतं’. हे बोलणं आपलंच आहे याची खूणगाठ मेंदू न सांगता बांधतो. ती खूणगाठ बसली नाही, तर तेच वाक्य परक्याच्या आवाजासारखं कानावर पडू शकतं. आवाजांचं हे एकमेव स्पष्टीकरण नाही, पण महत्त्वाचं आहे. लुई सास आणि योसेफ पारनास या दोघांनी २००३ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन मांडलं, की स्किझोफ्रेनियाच्या मुळाशीच हे ‘माझेपण’ सैल होणं आहे. भास आणि भ्रम हे त्याचे पुढचे परिणाम.

‘त्याला कळत कसं नाही’ याच्या उत्तराचा पहिला भाग इथे हाती लागतो. आवाज खरा नाही, हे आपण त्याला तर्काने सांगतो. त्याच्याकडे मात्र तर्क नसतो, प्रत्यक्ष अनुभव असतो. तो हट्टाने नाकारत नसतो. ज्या जाणिवेच्या आधारे ‘हे माझ्या मनातलं’ असं आपण ओळखतो, तिचाच आधार त्याला उरलेला नसतो.

३. आघाताचा वाटा किती?

आघात म्हणजे सहन करण्याची मनाची ताकद ओलांडून जाणारी घटना किंवा घटनांची मालिका. मुलांच्या बाबतीत त्यात मारहाण येते, लैंगिक अत्याचार येतो, सततचा अपमान, उपासमार किंवा दुर्लक्ष येतं, आई किंवा वडील जाणं येतं, आणि शाळेतला छळही येतो.

फिलिपो वारेसे, रिचर्ड बेंटॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये त्यांचा हिशेब मांडला. बालपणी असा त्रास भोगलेल्यांमध्ये पुढे सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी नातं सुटण्याचा आजार, होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे २.८ पट आढळली.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण तो घाबरवूही शकतो. केवळ समजण्यासाठी धरू, की बालपण सुरळीत गेलेल्या १००० जणांपैकी ७ जणांना हा आजार होतो. मग आघात सोसलेल्या १००० जणांपैकी साधारण २० जणांना तो होईल. वाढ मोठी आहे, दुर्लक्ष करण्याजोगी मुळीच नाही. पण त्या हजारातले ९८० जण आजारापासून दूरच राहिले. आणि आघात न सोसताही ७ जणांना आजार झाला. म्हणजे आघात हा धोका वाढवणारा एक घटक आहे, एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. तरी एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल, तर दुसऱ्याला तो निम्म्याहून कमी वेळा होतो. जवळजवळ सारखीच जनुकं असूनही असं होतं, म्हणजे जनुकांबरोबर आणखीही काही काम करत असतं. जन्माच्या वेळची गुंतागुंत, किशोरवयातलं गांजाचं व्यसन, आणि आघात हे त्या ‘आणखी काही’मध्ये येतात.

इथे आई-वडिलांसाठी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी आईच्या वागण्यातून स्किझोफ्रेनिया होतो, अशी कल्पना मांडली. पुराव्यापुढे ती टिकली नाही, पण तोवर कित्येक आयांच्या माथी विनाकारण दोष बसला. आघाताविषयी बोलायचं ते दोषी शोधण्यासाठी नाही. आघात शाळेत घडलेला असू शकतो, नातेवाइकाकडे, दंगलीत, रस्त्यावर; घरच्यांना त्याचा पत्ताही नसू शकतो.

शिवाय आजार हाच एक आघात ठरतो, हे आपण विसरतो. आपल्याला ठार मारणार आहेत अशी खात्री घेऊन महिनाभर जगणं, चार माणसांनी हातपाय धरून गाडीत घालणं, मांत्रिकाकडे मार खाणं, या घटना मनावर वळ उठवतातच. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले रुग्ण पळू शकले नाहीत. २८ जणांचा जीव गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे. ती बंदी माणुसकीची आहेच. पण बांधून ठेवणं मूळ जखमेत भर घालतं, म्हणून ती उपचाराच्या दृष्टीनेही योग्य आहे.

४. तुटलेपण : मनाचा फ्यूज

आघात आणि आवाज यांना जोडणारी एक मधली कडी आहे. मानसशास्त्रात तिला डिसोसिएशन म्हणतात. आपण तुटलेपण म्हणू. अनुभव, आठवण, भावना आणि शरीराची जाणीव एरवी एकत्र चालतात. त्यांची फारकत होणं म्हणजे तुटलेपण. फ्रान्सचे प्येर जाने यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्याचं पहिलं सविस्तर वर्णन आहे.

सौम्य रूपात ते सगळ्यांनाच होतं. रोजच्या रस्त्याने गाडी चालवत घरी पोचतो आणि मधला सिग्नल कधी लागला ते आठवत नाही. तीव्र रूपात मात्र ते तीन प्रकारे दिसतं. एक, स्वतःपासून तुटणं: आपण आपल्याच शरीराबाहेर उभे राहून स्वतःकडे बघतोय असं वाटणं. दोन, जगापासून तुटणं: ओळखीची खोली खोटी, काचेपलीकडची वाटणं. तीन, आठवणीपासून तुटणं: आयुष्यातला काही काळच गायब होणं. हे मोजण्यासाठी १९८६ मध्ये तयार झालेली २८ प्रश्नांची एक प्रश्नावली आजही वापरात आहे.

मन असं का करतं? घरातल्या वायरिंगवर अचानक फार मोठा भार आला, की फ्यूज उडतो. सगळीकडे अंधार होतो, पण घर जळत नाही. मोठ्या माणसाच्या तावडीत सापडलेलं लहान मूल पळू शकत नाही, लढू शकत नाही. तेव्हा मन हाच फ्यूज उडवतं. दुखणं शरीराला होत राहतं, ‘मी’ मात्र तिथून निघून जातो. त्या क्षणी ही सोय जीव वाचवणारी असते. अडचण पुढे येते. वारंवार उडालेला फ्यूज नंतर थोड्याशा भारानेही उडू लागतो, आणि त्या अंधारात घडलेलं काहीच नीट नोंदलं जात नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. त्यातले तुकडे मात्र कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाच्या ओळखीचे आहेत. आठ वर्षांची एक मुलगी. दुपारी घरात कुणी नसताना एक नातेवाईक येतो आणि दाराला आतून कडी लावतो. मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहते आणि मनात तारखा मोजते. एक, दोन, तीन… एकतीसपर्यंत पोचली, की पुन्हा एकपासून. जाताना तो म्हणतो, ‘‘कुणाला सांगायचं नाही.’’ ती सांगत नाही. काही वर्षांनी तिला स्वतःलाही ते धड आठवत नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती होस्टेलवर राहते. परीक्षा जवळ आलीय, तीन रात्री झोप नाही. शेजारच्या खोलीची कडी वाजते. हात बधिर होतात, खोली लांब गेल्यासारखी वाटते, आणि एक आवाज मोजायला लागतो: एक, दोन, तीन. मग म्हणतो, ‘कुणाला सांगायचं नाही’. तिच्या लेखी या आवाजाला भूतकाळ नाही, कारण ती आठवण ‘पूर्वी घडलेली गोष्ट’ म्हणून कधी जमाच झाली नव्हती. आवाज आत्ता येतोय, तर तो येणार कुठून? होस्टेलच्या बाईंनी भिंतीत स्पीकर बसवलाय, असा निष्कर्ष ती काढते. आपण त्याला भ्रम म्हणतो. तिच्या बाजूने तो एका अनाकलनीय अनुभवाचा अर्थ लावण्याचा प्रामाणिक प्रयत्न असतो.

याला संशोधनाचाही आधार आहे. वारेसे, बेंटॉल आणि एमा बार्कस यांनी २०१२ मध्येच दुसऱ्या एका अभ्यासात तपासलं, की बालपणीचा आघात आणि आवाज ऐकू येण्याची प्रवृत्ती यांच्यातलं नातं तुटलेपणातून जातं का. उत्तर होकारार्थी आलं. आघात थेट आवाज होत नाही. आघातामुळे तुटण्याची सवय लागते, आणि तुटलेल्या मनाला आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं हे ओळखणं जड जातं. दुसऱ्या भागात पाहिलेली ‘माझेपणा’ची खूणगाठ इथे पुन्हा भेटते. ती जन्मजात कारणांनी सैल असू शकते, आणि आयुष्यात जे भोगलं त्यानेही सैल होऊ शकते.

५. मग हा नक्की कोणता आजार?

हा प्रश्न तज्ज्ञांनाही अवघड जातो. विचार मोठ्याने ऐकू येणं, दोन आवाजांनी आपल्याविषयी आपापसात बोलणं, आपली कृती दुसरा कुणी करवून घेतोय असं वाटणं, या लक्षणांची यादी कुर्ट श्नायडर या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी केली होती. ती दिसली की स्किझोफ्रेनिया, असं बराच काळ मानलं जाई. पुढे १९८० च्या दशकात रिचर्ड क्लफ्ट यांच्यासारख्या डॉक्टरांनी दाखवलं, की तीव्र तुटलेपणाच्या विकारांतही यातली कित्येक लक्षणं दिसतात.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की नुसत्या आवाजावरून निदान होत नाही. काहींना स्किझोफ्रेनिया असतो आणि आघाताचा इतिहास नसतो. काहींना तुटलेपणाचा विकार असतो आणि वरवर तो स्किझोफ्रेनियासारखा दिसतो. अनेकांच्या बाबतीत दोन्ही एकत्र असतात. हे वेगळं काढायला वेळ लागतो, धीराने विचारावं लागतं, आणि ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे.

६. ‘कळणं’ म्हणजे नेमकं काय?

आपण ‘त्याला कळत नाही’ म्हणतो, जणू कळणं हे दिव्याच्या बटणासारखं चालू किंवा बंद असतं. ब्रिटनचे अँथनी डेव्हिड यांनी १९९० मध्ये त्याचे तीन वेगळे भाग दाखवले. आपल्याला मानसिक आजार आहे हे मानणं, हा पहिला. आवाज, संशय असे अनुभव आजारातून येतात हे ओळखणं, दुसरा. उपचार घेणं, तिसरा. होस्टेलमधली मुलगी गोळी घेईल, कारण गोळीने झोप लागते. आपल्याला काहीतरी झालंय, हेही ती मानेल. पण स्पीकर भिंतीत आहेच, यावर ठाम राहील. तिला कळतंय की नाही? तीनपैकी दोन बाबतींत कळतंय.

दुसरी गुंतागुंत अधिक बोचणारी आहे. आजाराची जाण वाढली, की उपचार नियमित होतात आणि तब्येत सुधारते. पण त्याच वेळी अनेकांची निराशाही वाढते, स्वतःची किंमत घसरते. पॉल लायसेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याचा माग काढला तेव्हा दिसलं, की ‘मला स्किझोफ्रेनिया आहे’ या वाक्याला समाजाने चिकटवलेला कलंक ज्यांनी स्वतःही खरा मानला, त्यांची आशा आणि आत्मसन्मान अधिक खचला. ‘मी आजारी आहे, म्हणजे मी कामातून गेलो’ अशी समजूत झाली, तर कळणं हेच ओझं होतं. त्यापेक्षा न कळलेलं बरं, असं मनाने ठरवलं तर नवल नाही.

तिसरी गोष्ट बरं होण्याच्या तऱ्हेची. १९७५ मध्ये थॉमस मॅकग्लॅशन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजारातून बाहेर आलेल्यांच्या दोन तऱ्हा नोंदवल्या. काही जण त्या काळाला कायमचं कुलूप लावतात: झालं ते झालं, विषय नको. काही जण विचारतात: हे माझ्या बाबतीत का आणि कसं झालं, माझ्या बाकीच्या आयुष्याशी त्याचं काय नातं? कुलूप लावणाऱ्याला दोष देऊ नये. मागे वळून बघणं ज्याला एकेकाळी असह्य होतं, तो तोंड फिरवायला शिकलेला असतो. तुटलेपण इथेही काम करत असतं.

मग स्वतःला समजणं म्हणजे काय धरायचं? लायसेकर यांनी अमेरिकेत इंडियानापोलिस इथे काम करताना मुलाखतीची एक पद्धत बसवली. तिची सुरुवात ‘तुम्हाला आजार आहे हे मान्य आहे का’ या प्रश्नाने होत नाही. ‘तुमच्या आयुष्याची गोष्ट सांगा’, इथून ती सुरू होते. सांगणाऱ्याला स्वतःच्या भावना ओळखता येतात का, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधता येतो का, घटना एकमेकींना जोडता येतात का, हे त्यातून दिसतं. विचारांविषयी विचार करण्याच्या या क्षमतेला मेटाकॉग्निशन म्हणतात. गंभीर आजारात ती अनेकदा कमजोर होते, आणि ती पुन्हा बळकट करता येते.

या नजरेने पाहिलं, की ‘कळणं’ म्हणजे डॉक्टरांच्या निदानावर सही करणं उरत नाही. ‘माझ्या बाबतीत हे घडलं, त्याचा माझ्यावर असा परिणाम झाला, हा आवाज अशा वेळी येतो, आणि तरीही मी तोच किंवा तीच आहे’ असं स्वतःच्या शब्दांत सांगता येणं, हे खरं कळणं. आघात आणि तुटलेपण नेमका यावरच घाला घालतात. तुकडे असतात, त्यांना एकत्र धरणारा सांगणारा हरवलेला असतो.

७. आवाजाशी बोललेली माणसं

नेदरलँड्समधले मनोविकारतज्ज्ञ मारियस रोमे आपल्या एका रुग्णाला घेऊन १९८७ मध्ये टीव्हीवर आले आणि आवाज ऐकणाऱ्यांनी संपर्क करावा, असं त्यांनी आवाहन केलं. सुमारे ७०० जणांनी प्रतिसाद दिला. त्यातल्या ४५० जणांना आवाज ऐकू येत होते, आणि त्यांतले कितीतरी जण नोकरी-संसार सांभाळून त्या आवाजांसह जगत होते. रोमे आणि सांड्रा एशर यांनी त्यांच्याशी बोलून पाहिलं, तेव्हा अनेकांचे आवाज एखाद्या मोठ्या धक्क्यानंतर सुरू झाल्याचं दिसलं. त्यातून आवाज ऐकणाऱ्यांच्या स्वमदत गटांची चळवळ जगभर पसरली.

एलिनॉर लाँगडेन हे या चळवळीतलं ओळखीचं नाव. इंग्लंडमध्ये कॉलेजात असताना त्यांना एक आवाज ऐकू येऊ लागला. तो त्यांच्या हालचालींचं फक्त वर्णन करायचा: ती दार उघडतेय, ती निघालीय. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, भीती वाढली, तसे आवाजही वाढले आणि आक्रमक झाले. पुढे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली, की आपण राग गिळतो तेव्हा आवाज चिडका होतो. बालपणी सोसलेल्या अत्याचाराशी त्यांनी आवाजांचं नातं लावलं, मानसशास्त्र शिकल्या, त्यात पीएचडी केली. २०१३ मधलं त्यांचं टेड व्याख्यान लाखो लोकांनी ऐकलं आहे. प्रत्येक रुग्णाचा रस्ता असाच असेल असं नाही. पण ‘आवाज काय म्हणतो’ हे विचारण्याजोगं असतं, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यातून दाखवलं.

आपल्या देशातूनही याला एक जोड मिळते. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतलं सान मातेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी २० रुग्णांशी त्यांच्या आवाजांविषयी सविस्तर बोलणं केलं; २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्यांना आवाज म्हणजे बिघडलेल्या मेंदूची, बऱ्याचदा हिंसेची खूण वाटत होती. चेन्नईत बऱ्याच जणांना नात्यातल्या माणसांचे आवाज येत. ते रागावत, पण घरकाम कर, अंघोळ कर असंही सांगत. आजार तोच, तरी माणूस आवाजाचा अर्थ कसा लावतो, ते आजूबाजूच्या जगावरही ठरतं. अर्थ बदलू शकतो, ही यातली आशेची गोष्ट.

८. उपचारांत याची जागा

हे सगळं वाचून औषधांची गरज नाही असा निष्कर्ष कुणी काढू नये. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीनचा वापर सुरू झाला आणि भास-भ्रमांच्या गराड्यातून माणसं प्रथमच बाहेर येऊ लागली. आजही औषधं हा उपचारांचा पाया आहे. ती मनाने अचानक बंद केली, की आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. आवाजांचा गोंगाट कमी झाल्याशिवाय कुणाला स्वतःची गोष्ट सांगायची उसंत मिळणार?

पण पायावर थांबून घर होत नाही. सायकोसिस असलेल्यांच्या आघाताला हात लावला तर आजार भडकेल, या भीतीने डॉक्टर वर्षानुवर्षं तो विषय टाळत आले. नेदरलँड्समध्ये डेव्हिड व्हान डेन बर्ग आणि सहकाऱ्यांनी सायकोसिस आणि आघातानंतरचा तणावविकार दोन्ही असलेल्या १५५ रुग्णांवर याची चाचणी घेतली. काहींना आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा उपचार मिळाला, काहींना डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवण सौम्य करण्याचा. बाकीचे प्रतीक्षा यादीत होते. दोन्ही उपचार आठ सत्रांचे होते. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दोन्ही उपचारांनी आघाताची लक्षणं स्पष्ट कमी झाली, आणि आजार भडकला नाही.

अर्थात हे काम तज्ज्ञाच्या हाताखाली, रुग्णाच्या संमतीने, आधी सुरक्षितता आणि झोप सावरल्यावर करायचं. घरच्यांनी जुन्या जखमा उकरायला बसू नये.

९. घरच्यांच्या हातात काय आहे?

पुष्कळ काही. आपल्या उदाहरणातली मुलगी सुट्टीला घरी आलीय. रात्री मोठ्या बहिणीला उठवते: ‘‘ताई, तो बघ परत मोजायला लागला.’’

‘‘कुणी नाहीये. वेड्यासारखं काय बोलतेस?’’ असं ताई म्हणाली, तर मुलगी पुढच्या वेळी सांगणार नाही. ‘कुणाला सांगायचं नाही’ हेच तर तिला शिकवलं गेलंय. ‘‘हो, मलाही ऐकू आला’’ हेही चूक. त्याने भ्रम पक्का होतो. ताईने म्हणावं, ‘‘मला नाही गं ऐकू येत. पण तुला येतोय आणि तू घाबरलीस, हे दिसतंय मला. मी बसते इथे. पाय जमिनीवर टेकव बघू. आज वार कुठला? हा हात कुणाचा आहे?’’ यात खोटं काही नाही आणि तिला खोटं पाडणंही नाही. जमिनीचा स्पर्श, आजचा वार आणि ओळखीचा हात तुटलेल्या मनाला आजच्या दिवसात परत आणायला मदत करतात.

सकाळी ताईने एका वहीत लिहून ठेवावं: आवाज किती वाजता आला, आधी काय झालं होतं, झोप किती झाली होती. दोन-तीन आठवड्यांत नमुना दिसू लागतो. तो डॉक्टरांच्या उपयोगाचा, पण त्याहून अधिक तिच्या स्वतःच्या. ‘झोप कमी झाली आणि कडी वाजली, की तो येतो’, हे तिने स्वतः ओळखलं, तर स्पीकरच्या गोष्टीला पर्याय देणारी दुसरी गोष्ट तिच्या हाती आली. ती आपण पढवलेली नाही, तिने जुळवलेली आहे, म्हणून टिकण्याची शक्यता जास्त.

कुटुंबांनी हे एकट्याने रेटायची गरज नाही. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात शिकवणाऱ्या जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, ती रुग्ण आणि कुटुंबीय दोघांना आधार मिळावा म्हणून. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ मधला ‘देवराई’ हा चित्रपट आजाराइतकाच रुग्णाच्या बहिणीच्या ओढाताणीकडेही बघतो. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले जात असतील, तर एक दिवसही थांबू नये.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला आपल्याकडे दर भेटीत विचारलं जातं: झोप लागते का, गोळ्या घेतोस का, आवाज कमी झाले का. हे तिन्ही प्रश्न गरजेचे आहेत. त्यांच्या जोडीला चौथा प्रश्न प्रत्येक ओपीडीत, घाई न करता, विश्वास बसल्यावर विचारला गेला पाहिजे: तुझ्या बाबतीत काय काय घडलं? ज्यांच्या आयुष्यात आघात नाही ते तसं सांगतील, आणि त्यात काही बिघडत नाही. ज्यांच्या आयुष्यात आहे, त्यांना कदाचित पहिल्यांदाच कुणीतरी तो विचारलेला असेल. ‘त्याला कळत नाही’ असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच येतो, जेव्हा त्याला सांगू देण्याइतका वेळ आपण दिलेला असतो. डॉक्टरांची कमतरता, भरलेल्या ओपीडी, दमलेली कुटुंबं या अडचणी खऱ्या आहेत. तरी हा वेळ उपचारांचाच भाग आहे, आणि रुग्णाने तो हक्काने मागावा.